भारद्वाज रोज नऊलाच का येतो?

आमच्या सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच उठलाय, होम मैदानावरचे पाळणे उतरवायचं काम चाललंय आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग आहे. यावेळी बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की आयुष्य बदलत असताना जे बारीकसारीक संकेत दिसतात ते मानायचे का सोडून द्यायचे. तीन पत्रं घेतलीयत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण ते मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मधेच उठून खिडकीपाशी गेले.

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहते, वय 56. हे जाऊन आता आठ महिने झाले, हार्टचं झालं, दवाखान्यात न्यायला पण वेळ मिळाला नाही. मी 24 वर्षं एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायचे, सकाळी आठला घर सोडायचे ते संध्याकाळी सातला यायचे, हे गेल्यावर काम सोडलं, मनच लागेना. आता घरीच असते. तर रोज सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या कंपाऊंडच्या भिंतीवर एक भारद्वाज येऊन बसतो. यांना भारद्वाजाचं फार वेड होतं, दिसला की दिवस चांगला जातो म्हणायचे. रिटायर झाल्यावर तर मी कामावरनं आले की पहिलं तेच, आज भारद्वाज आला होता गं, आणि मी हो हो म्हणत कुकर लावायला आत जायचे. मला वाटतंय हेच येतायत. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतोय घर विकून टाकू, तू इकडं ये, एकटी कशाला राहतीस. मागच्या महिन्यात घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि नेमका त्याच दिवशी भारद्वाज आला नाही. म्हणजे यांना विकणं पसंत नाही असंच ना? नात्यातल्या एकांनी एका बुवांकडं नेलं होतं, ते म्हणाले आत्मा घरात अडकलाय, शांती करावी लागेल, 21 हजार खर्च सांगितला. मुलाला हे काही बोलले नाही, तो म्हणेल आईचं डोकं फिरलं. तुम्ही सांगा, मला वेड लागलंय का?

उत्तर : नाही ओ ताई, वेड बीड काही लागलेलं नाही, ते आधी डोक्यातनं काढा. 1971 साली वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या एका डॉक्टरांनी आपल्या भागातल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून नोंद केली होती, त्यात जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटतं, कुणाला चाहूल लागते, कुणाला आवाज येतो, कुणाला दिसतं पण. यातल्या बहुतेकांनी तोवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं, का तर लोक हसतील. म्हणजे तिकडं लांब डोंगरातल्या बाया पण तुमच्यासारख्याच गप्प बसल्या होत्या. आणि बऱ्याच जणांना त्या चाहुलीचा आधारच वाटत होता.

आता भारद्वाजाचं. हा पक्षी स्वतःचा इलाका धरून राहणारा आहे, जोडीनं राहतो, फार उडत नाही, झुडपातनं चालत चालत गोगलगायी, किडे, पाली-सरडे शोधत फिरतो, आणि सकाळी त्याचं ते खोल आवाजातलं हूप हूप हूप चालू असतं. तुमच्या मागच्या बाजूला थोडी झाडी, थोडी ओल असणार आणि तो तिथला राहणारा असणार. तुम्ही 24 वर्षं सकाळी नऊला कारखान्यात होता, त्यामुळं तुम्हाला तो दिसायचा प्रश्नच नव्हता. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीय, उलट तुमच्याच पत्रातली एक ओळ परत तुमच्यापुढं ठेवतीय, "आज भारद्वाज आला होता गं". तो तेव्हाही यायचा. तुमचे हे रोज त्याला बघायचे आणि संध्याकाळी तुम्हाला सांगायचे. आता ज्या जागी उभं राहून तुम्ही बघताय ना, ती यांची जागा आहे, ती वेळ यांची आहे, आणि जी गोष्ट ते सांगायचे आणि तुम्हाला ऐकायला सवड नसायची ती आता तुम्ही रोज स्वतः बघताय. ते पक्षी होऊन येतात का नाही हे मला सांगता येणार नाही, पण यांची सकाळ कशी असायची हे तुम्हाला आठ महिन्यांत कळलंय, आणि मला विचाराल तर ही फार मोठी गोष्ट आहे. रोज नऊला चहा घेऊन तिथं बसा, अगदी बिनधास्त बसा.

गिऱ्हाईक येणार होतं त्या दिवशी तो आला नाही म्हणताय, तर ज्या दिवशी गिऱ्हाईक येणार नव्हतं तेव्हा कधीच चुकला नाही का हो? चुकला असणार, पण त्या दिवशी तुम्ही काही शोधत नव्हता म्हणून ते लक्षात राहिलं नाही. आपलं मन असंच करतं, जुळलेलं जपून ठेवतं आणि न जुळलेलं सांडून देतं. पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. तो आला नाही हे बघितल्यावर पहिल्यांदा काय वाटलं तुम्हाला, वाईट वाटलं का सुटल्यासारखं वाटलं? सुटल्यासारखं वाटलं असेल तर घर विकणं तुम्हालाच नकोय ताई, निदान आत्ता तरी नकोय, आणि ते मुलाला सांगायला जड जातंय म्हणून यांचं नाव पुढं केलं जातंय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण बायका वर्षानुवर्षं "यांना चालणार नाही" म्हणूनच नाही म्हणत आलो.

माझी एक गोष्ट सांगते. आईच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवून पाऊण तास झाला, ऊन चढलं. मग जसं सगळीकडं होतं तसं सुरू झालं, मामा पुढं येऊन म्हणाले धाकट्याचं शिक्षण मी करतो, वडील म्हणाले गोळ्या वेळेवर घेईन, मी पण काहीबाही बोलले, कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, एक हलेना. शेवटी मावशी पुढं आली. तिचं आणि आईचं आजीच्या पाटल्यांवरनं सहा वर्षं बोलणं नव्हतं. ती पिंडासमोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, अक्का, पाटल्या तुझ्याच होत्या, मी खोटं बोलले. एवढं बोलून ती मागं आली, भटजींनी सगळ्यांना अजून लांब सरा म्हणून सांगितलं, आणि दोन मिनिटांत कावळा उतरला. आता कावळा हा भारी सावध पक्षी, माणसं जवळ असली की तो खाण्यावर येत नाही, आणि त्या वेळी आम्ही सगळेच बऱ्यापैकी मागं सरकलो होतो, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी सांगते, त्या पाऊण तासात आमच्या घरात जे बोललं गेलं ते सहा वर्षांत बोललं गेलं नव्हतं. कावळा शिवला नसता तरी मावशीचं ते वाक्य झालेलंच होतं. तेव्हापासनं मला शकुन-संकेताचा उपयोग एवढाच वाटतो, की मनात काय राहिलंय ते त्या निमित्तानं तोंडातनं बाहेर येतं. पुढं काय होणार हे त्याला विचारून काही मिळत नाही.

आपल्याकडं गड्ड्यात होम झाल्यावर भाकणूक होते ती तुम्ही लहानपणापासनं बघितली असेल. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढं धान्य, गूळ, खोबरं, पान-सुपारी ठेवतात, ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का शांत उभं राहतं, मुततं का, त्यावरनं वर्ष कसं जाईल, पाऊस कसा होईल ते सांगतात. माझे आजोबा मोहोळकडचे शेतकरी, एक वर्ष भाकणूक चुकवायचे नाहीत, आणि भाकणूक चांगली झाली की खुशीत घरी यायचे. पण ज्वारी पेरायची वेळ आली की आजोबा वासराला विचारायचे नाहीत, रानात जाऊन मूठभर माती हातात दाबून वाफसा आलाय का ते बघायचे. वासरावर त्यांची श्रद्धा होती आणि पेरणी मातीवर होती, दोन्हीचं कधी भांडण झालं नाही.

तर घराचा वाफसा बघू. एक तर वर्ष व्हायच्या आत घर विकू नका, दुःख ताजं असताना घेतलेला एवढा मोठा निर्णय नंतर फिरवता येत नाही. दुसरं, घर यांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं तुम्ही, तुमची मुलं, आणि सासूबाई असतील तर त्या, असे सगळे सारखे वारस आहात, सगळ्यांच्या सह्यांशिवाय ते विकताच येत नाही, त्यामुळं आधी वारसांची नोंद करून घ्या, आणि त्यातला एक हिस्सा तुमचा स्वतःचा आहे हे विसरू नका. घर विकायचं का पुण्याला जायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, मुलगा ते एकात बांधतोय, मायेनंच बांधतोय, पण तुम्ही सोडवा. घराला कुलूप लावून एक-दोन महिने पुण्याला राहून या, नातवंडं-सून-लिफ्ट-बंद दार सगळं अंगावर घेऊन बघा. नाही पटलं तर परत या, घर जागेवर असेल.

बुवांना एक रुपया देऊ नका. आत्मा अडकलाय म्हणून भीती घालायची आणि पैसे काढायचे, याच्यासाठी महाराष्ट्रात 2013 पासनं जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ज्या नातेवाइकांनी नेलं त्यांना हे आवर्जून सांगा. भारद्वाज तुमच्याकडं काही मागत नाही, बुवा 21 हजार मागतोय, यातच काय ते आलं.

आणि एक काळजीची गोष्ट, झोप आठवडे आठवडे लागत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा ती चाहूल आधार द्यायच्या ऐवजी हुकूम सोडायला लागली, अमुक कर तमुक करू नको असं, तर मात्र मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे 14416, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मुलाला पण हे पत्र दाखवा. त्याचे वडील सकाळी नऊला काय बघायचे हे त्याला पण माहीत नसणार.

प्रश्न : मी 24 चा आहे, अशोक चौकाजवळ राहतो. वडील आणि मी एकाच कारखान्यात, चादरीच्या मागावर. दिवाळीनंतर मालकानं माग बंद केले, भंगारात काढतोय म्हणे. मित्र भिवंडीला बोलवतोय, दुसरा म्हणतो आयटीआय कर, घरचे म्हणतात थांब काहीतरी होईल. माझं काय झालंय, मी सगळीकडं खुणा बघायला लागलोय. मोबाईल बघितला की 11:11, सात रस्त्याला सिग्नल हिरवा मिळाला की भिवंडी, लाल मिळाला की नाही, सिद्धेश्वरच्या तळ्यात मासा वर आला तर असं आणि नाही आला तर तसं. काल तीन वेळा सिग्नलला चक्कर मारली. ताई आमच्या मागावरच्या जेकार्डला भोकं पाडलेलं कार्ड लावलं की नक्षी आपोआप येते, मोर पाहिजे तर मोर, फूल पाहिजे तर फूल. तसं आपलं पण कुठंतरी कार्ड असेल ना, मग ते वाचता का येत नाही?

उत्तर : बाळा, तुझा हा प्रश्न मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

माग चालू होता तेव्हा तू खुणा बघत होतास का रे? ताण्याची तार तुटली तर 11:11 वाजायची वाट बघितलीस का? नाही, हात आपोआप गेला, गाठ मारली, माग परत चालू. मॅलिनोव्स्की म्हणून एक अभ्यासक शंभरेक वर्षांपूर्वी ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिले होते, त्यांनी लिहून ठेवलंय की तिथले कोळी आतल्या शांत खाडीत मासे धरताना काही मंत्र-तंत्र करायचे नाहीत, तिथं त्यांना सगळं ठाऊक होतं, पण उघड्या समुद्रावर जायचं म्हटलं की जादूचे विधी सुरू. 2008 साली व्हिटसन आणि गॅलिन्स्की या दोघांनी प्रयोग करून असंच दाखवलं, की माणसाला आपल्या हातात काही नाही असं वाटायला लावलं की त्याला नुसत्या ठिपक्यांत पण चित्रं दिसायला लागतात. तुझं हेच झालंय, खाडीतनं एकदम समुद्रात ढकललंय तुला. तुझ्या डोक्यात बिघाड नाही, तुझ्या पायाखालची जमीन हललीय, आणि दिवाळीपासनं तुझी अजून कुणी नीट विचारपूस केलेली नाही असं पत्रावरनं दिसतंय.

सिग्नलला तीन चकरा मारल्यास म्हणतोस, म्हणजे पहिलं उत्तर आवडलं नव्हतं. पहिल्या वेळी कुठला रंग होता ते तू लिहिलं नाहीस, पण तुला माहीत आहे. ते वडिलांना सांग.

आता कार्डाचं. कार्ड लावलं की नक्षी येते हे खरं, पण कार्ड येतं कुठनं? आधी कुणीतरी ग्राफ पेपरवर चौकोन भरत मोर काढलेला असतो, मग त्याबरहुकूम एकेक भोक पाडलेलं असतं, आणि पहिल्या चादरीला मोराची मान वाकडी आली तर ते कार्ड काढून दुसरं मारतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस. तुझं कार्ड कुठं लावून ठेवलंय का, मला नाही वाटत. ग्राफ मात्र कोरा आहे. तुला माग दुरुस्त करता येतो का, का फक्त चालवता येतो? करता येत असेल तर आयटीआयला फिटरसारखा ट्रेड तुला सोपा जाईल, यंदाच्या प्रवेशाच्या तारखा जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन विचारून ये, मोबाईलवर बघत बसू नको. भिवंडीला जायचंच असेल तर आधी चार दिवस मित्राकडं राहून बघ, पगार किती, खोली कितीला, शिफ्ट किती तासांची, हे वहीत लिहून आण. आणि कारखान्यात किती वर्षं झाली, पीएफ कापत होते का, ग्रॅच्युइटी बसते का ते वडिलांचं पण विचार, पाच वर्षं सलग काम झालं असेल तर साधारण ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, भंगाराच्या गडबडीत ते राहून जाईल. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा, दोघं मिळून जा.

तळ्यावर जात जा मात्र. संध्याकाळी तिथं वारं चांगलं असतं. मासा वर आला तर नुसता बघ.

प्रश्न : माझं लग्न ठरलंय, मुलगा हुबळीचा. बैठकीत तारीख काढताना पाल चुकचुकली. आईनं लगेच जमिनीवर बोटं टेकवून कृष्ण कृष्ण केलं आणि तेव्हापासनं ती गप्प आहे, म्हणते तारीख पुढं ढकलू. मला मुलगा आवडलाय. काय करू?

उत्तर : अगं पाल दुसऱ्या पालीशी बोलत होती, आपली हद्द सांगायला नाहीतर जोडीदाराला बोलवायला ती चुकचुकते, तुमच्या बैठकीतलं तिला काही कळलेलं नव्हतं. पण आईला कळलं होतं. ती पालीला घाबरलेली नाही, तू एवढ्या लांब चाललीस, तिथं कन्नड बोलतात, दुखलं-खुपलं तर पोचायला किती वेळ लागेल, हे ती कुणाला बोलू शकत नाही म्हणून पालीवर ढकलतीय. रात्री सगळे झोपल्यावर तिच्या शेजारी जाऊन पड आणि विचार, आई, तुला कशाची भीती वाटतीय. तारखेबद्दल काही बोलू नको. मुलाकडच्यांची नीट चौकशी झालीय ना, ते पण तिच्याच तोंडून ऐक, कधी कधी आईला दिसलेलं असतं ते तिला नीट सांगता येत नाही. आणि मग तिला गाडीत बसव, होटगीवरनं विजापूर, बागलकोट, गदग करत ती लाईन हुबळीकडंच जाते, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घे, आणि लग्नाआधी एकदा तिला तुझं स्वयंपाकघर दाखवून आण.